कठड्यामागचं पाणी

९ ऑक्टोबर

गाडी वन्सं चालवणार, हे मला आज सकाळी दारात कळलं. मी रंगांच्या पेट्या खाली आणते तर नणंदबाई चालकाच्या जागेवर विराजमान, गळ्यात मफलर, मांडीवर शेंगदाण्यांचा डबा. म्हणाल्या, "बस गं, मागे जागा केलीय तुला." माझ्याच गाडीत मला जागा केलीय! एकतीस वर्षं किनाऱ्याच्या सगळ्या सफरी आम्ही दोघा नवराबायकोनीच केल्या आणि गाडी कायम यानेच चालवली. विचारलं तर म्हणतो, "ताईला घरी कंटाळा येतो." शाळेच्या खानावळीत पाचशे पोरांचं जेवण रांधून निवृत्त झालेली बाई आहे ही. कंटाळा यांना बघून रस्ता बदलतो.

साक्षीदार कधी बरोबर घेतात? भांडायचं ठरलेलं असतं तेव्हा.

काम काय आहे ते लिहून ठेवते. बंदरावर प्रवासी बोटींसाठी नवीन प्रतीक्षागृह झालंय. त्याच्या लांब भिंतीवर आठ लाकडी फळ्या एकीला एक चिकटून बसवायच्या, आणि त्या सगळ्या मिळून एकच चित्र: पानगळीतला किनारा. चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाच्या दोन फळ्या. एकतीस तारखेच्या आत भिंतीवर लागल्या पाहिजेत. आकाश आणि जमीन याची, पाणी माझं, नेहमीसारखंच. धंद्यात याला आकाशवाले म्हणतात आणि मला पाणीवाली. काही लोकांना तर आम्ही एकच माणूस वाटतो.

११ ऑक्टोबर

पहिलं ठिकाण, दीपगृहाखालचे खडक. हंगाम संपलाय. निम्म्या खानावळींना कुलपं, आइस्क्रीमच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या. रस्त्याकडेच्या झाडांची पानं थेट समुद्रात पडतायत, हिरव्या पाण्यावर तांबडी. असं बघितलं की राग विसरायला होतो, म्हणून फार वेळ बघितलं नाही.

दोघांनी शेजारी उभं राहून काम केलं. आमचा नियमच आहे तो: दोघांचे डोळे एका उंचीवर. रंगवणाऱ्याचा डोळा जेवढा उंच, तेवढंच क्षितिज उंच. दोघांचे डोळे वरखाली झाले तर एकाच होडीची दोन चित्रं होतात आणि ती कधी जुळत नाहीत. मी याच्यापेक्षा वीतभर बुटकी, म्हणून लग्नाच्या वर्षापासून खोक्यावर चढून रंगवते. खोकं यानेच ठोकून दिलं. तेव्हा मला त्याचं कोण कौतुक!

आज मात्र तासाभरात सतरा वेळा उसासे. ब्रश धुवायला गेला तो गाडीला टेकून उभाच राहिला. मी म्हणाले, "ऊन उतरतंय, राजे." तर म्हणतो, "उतरू दे." कामाचा असा कंटाळा मी याच्यात कधी पाहिला नाही.

त्याचं कारण जेवताना कळलं. घाटापाशी एक म्हातारी लोखंडी जाळीवर मासे भाजून देत होती, वर नुसतं मीठ आणि लिंबू. वन्सं काटा चोखून म्हणाल्या, "निखाऱ्यावर सफरचंदाचं लाकूड घातलंय बयेने," आणि त्याच श्वासात याला, "काय रे, त्या चित्रदालनवाल्या बाईचा परत फोन आला का? नुसती आकाशं मागत होती ना ती?"

हा म्हणाला, "ताई, मासा गार होतोय."

१२ ऑक्टोबर

नुसती आकाशं. म्हणजे प्रदर्शन याचं एकट्याचं, आणि मला पत्ता नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं या माणसाने कधीपासून शिकून घेतलं?

मी विचारणार नाही. ज्याच्या पोटात आहे त्यानेच ओठावर आणावं. इथे खरं लिहायला हरकत नाही: मला भीती वाटते. पाण्याशिवाय आकाश भिंतीवर शोभतं. आकाशाशिवाय पाणी म्हणजे डबकं. सत्तावन्नाव्या वर्षी मी डबकी घेऊन कुठे फिरू?

१४ ऑक्टोबर

दुसरं ठिकाण मी निवडलं. कड्याचा माथा, एकशे चाळीस पायऱ्या. याने खालचा वाळूचा पट्टा सुचवला होता, म्हणून मुद्दामच. फळ्या मी आणि वन्संनी वर नेल्या. स्वारी फक्त एक घडीचं स्टूल घेऊन अर्ध्या तासाने पोचली, आणि तेही कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लग्नाच्या वरातीत चालल्यासारखी. मी म्हणाले, "आकाश संपत आलं की रे." वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आमटीत माशी टाकलीय.

मग व्हायचं ते झालं. मी म्हणाले, "तुला माझ्याबरोबर काम करायचं नसेल तर तसं सांग." तो म्हणाला, "असं मी म्हटलंय का?" "म्हणायला कशाला हवं? दिसतंय." "काय दिसतंय तुला?" "सगळं दिसतंय." तो म्हणाला, "बरं. मग झालंच." आणि स्टूल उघडून बसला!

तेव्हा मी जाहीर केलं की यापुढे एक फळी त्याची, एक माझी. आपापल्या फळीचं आकाशही आपलं आणि पाणीही आपलं. भिंतीवर लावताना एकदम बघू. कड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, त्याच्याकडे पाठ केली आणि खोक्यावर चढले. आकाश रंगवणं म्हणजे काय मोठी विद्या आहे?

आहे. पण ते त्याला सांगायची गरज नाही.

१७ ऑक्टोबर

तिसरं ठिकाण, मासेमारीचं गाव. धक्क्याला दगडी कठडा आहे, माझ्या छातीइतका, आणि त्याच्यावर जाळी वाळत घातलेली. खोक्यावरून कठड्याच्या वर समुद्राचा जाड पट्टा दिसतो, शिशाच्या रंगाचा. तीन दिवसांत एवढं चांगलं पाणी मी काढलं नव्हतं. रागात हात स्वच्छ चालतो, हे लोक सांगत नाहीत.

तो डावीकडे, गाडीच्या पलीकडे. गाडी मध्ये उभी करायची सूचना माझी. एकदा रंगाची नळी घ्यायला गेले तेव्हा दिसला, स्टुलावर ऐसपैस. बसू दे. आकाशवाले आता बसून आकाश काढणार, उंटावरून शेळ्या हाकणार.

जेवायला वन्संनी एक खोली शोधून काढली. तीन टेबलं, भिंतीवर बोटींचे फोटो, आणि शिंपल्यांचं पातळ कालवण पावाबरोबर. खोली माडीवर होती. हा म्हणाला, मला भूक नाही. वन्संनी त्याचं ताट खाली गाडीत नेऊन दिलं. एकसष्ट वर्षांच्या घोड्याला बहीण भरवते! मी कालवण दोनदा घेतलं आणि चवही कळली नाही.

१८ ऑक्टोबर

पाऊस. वन्सं म्हणाल्या, गावात संग्रहालय आहे, बघू. तीन खोल्या, जुनी सागरचित्रं, काचेच्या पेटीत जहाजाचे नमुने. दुसऱ्या खोलीत एक मोठं चित्र आहे, वादळ येण्याआधीचा समुद्र. कोणा अनोळखी माणसाचं, नावाच्या पाटीवर नावच नाही. पाणी असं काढलंय की मला दोन पावलं मागे यावं लागलं. लाट फुटायच्या आधी तिच्या कण्याला जो हिरवा उजेड येतो, तो त्याला सापडलाय. मी बारा वर्षं शोधतेय.

हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि जगात तसा माणूस एकच. वळून बघितलं तर तो दारातल्या बाकावर बसून, उजवा पाय बाकावर लांब सोडून, तिथल्या रखवालदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. चित्राकडे आलाच नाही. लांबून बघितलं आणि मान हलवली, एवढंच. रखवालदाराने तर त्याला आणखी एक खुर्ची आणून दिली.

माझ्यासोबत चित्रसुद्धा बघायचं नाही इथवर आलंय.

२१ ऑक्टोबर

चौथं आणि शेवटचं ठिकाण. वाळूवर पालथ्या घातलेल्या होड्या, मागे सोनेरी गवत. वाऱ्याने खोकं हलत होतं, तरी उतरले नाही. तो होड्यांच्या पलीकडे. डोकंच दिसत नव्हतं त्याचं.

सकाळी न्याहरीच्या वेळी मी कोट आणायला गेले आणि परत येताना दाराशी ऐकलं. वन्सं म्हणत होत्या, "सांगून टाक ना तिला एकदाचं." हा म्हणाला, "तिने विचारावं." वन्सं म्हणाल्या, "अरे, तिचं लक्ष नसेल." "एकतीस वर्षं नजरेवर पोट भरतोय आम्ही ताई. लक्ष नसेल कसं?"

मी आत गेले तर दोघं मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. म्हणजे प्रदर्शनाचं पक्कं झालंय, आणि ते मी विचारून माझ्याच तोंडाने बाहेर काढावं अशी अपेक्षा आहे. अजिबात नाही. मी उकडलेलं अंडं सोललं आणि हवेबद्दल बोलले.

२६ ऑक्टोबर

बंदराच्या गावात भाड्याच्या दोन खोल्या. एकीत मी माझ्या फळ्या पुऱ्या करते, दुसरीत तो. मध्ये वन्सं टर्पेंटाइनची बाटली इकडून तिकडे नेतात आणि निरोपही. "तो विचारतोय, पांढरा आहे का." "सांगा, आहे." "ती म्हणतेय, आहे." असा संसार चाललाय.

माझी आकाशं मला आवडलेली नाहीत. ओल्या पोत्यासारखी लटकतात. पण त्याची पाणीही काही वेगळी नसणार, हा एक दिलासा.

३० ऑक्टोबर

आजचं आजच लिहायचं.

दहा वाजता प्रतीक्षागृहात फळ्या चढवायला सुरुवात झाली. क्षितिजाची रेषा आम्ही निघण्यापूर्वीच आठही फळ्यांवर दोरीने आखली होती, त्यामुळे ती सरळ. दीपगृहाच्या दोन फळ्या मांडल्या, शिवण दिसेना. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "वा." कड्याच्या दोन मांडल्या, वाऱ्याने झुकलेलं गवत मध्येच तुटलं. मी मनात म्हणाले, गवत आहे, चालेल. मग धक्का आला. सुताराने दोन्ही फळ्या सरकवून चिकटवल्या, मागे सरला आणि म्हणाला, "बाई, इथे कठड्याला पायरी आहे का?"

माझ्या फळीवर कठडा क्षितिजाच्या खाली, आणि त्याच्यावर माझा समुद्राचा पट्टा. त्याच्या फळीवर तोच कठडा क्षितिजाच्या वर चढलेला, आणि मागे सगळा समुद्र बुडालेला. एक थेंब पाणी नाही. कठडा, आणि त्यावर थेट आकाश. पुढच्या जोडीत होड्यांचं तेच. माझ्या होड्या पाण्याच्या खाली, त्याच्या होड्या पाणी झाकून आकाशात घुसलेल्या.

मला एकच गोष्ट दिसली. याने माझं पाणी पुसून टाकलंय.

मी व्यवस्थापकांसमोर, सुतारासमोर, तिकिटाच्या खिडकीतल्या दोन मुलींसमोर बोलले. सगळं लिहीत नाही. नुसती आकाशं हवीत तर जा, म्हणाले. ठरवून माझं नाव घालवलंस, म्हणाले. बारा दिवस आळशासारखा बसून राहिलास आणि बसल्या बसल्या माझा गळा कापलास, असंही म्हणाले.

तो थंडपणे ऐकत होता, एका खांबाला टेकून. मग म्हणाला, "बसलो होतो. बसल्यावर डोळा खाली येतो. कठडा डोळ्याच्या वर गेला. मला जे दिसलं तेच मी काढलं."

"मग सांगायचंस!"

"तू बघितलंस की मला बसलेलं. नळी घ्यायला आली होतीस. मला वाटलं, तूही खोकं सोडून खाली बसशील. एवढी वर्षं माझ्या उंचीला यायला चढत होतीस, एकदा उतरशील."

"पण बसलास कशाला?"

वन्संनीच तोंड उघडलं, "अगं, गुडघा गेलाय त्याचा! वर्षभर झालं. पायऱ्या चढताना डोळ्यांत पाणी यायचं त्याच्या. दहा मिनिटं उभं राहवत नाही, म्हणून तर मी गाडी चालवतेय. तुला काय वाटलं, मला समुद्र बघायची हौस आलीय?"

मी म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही." हे खरंच होतं, पण तोंडातून निघताच खोटं वाटलं.

तो म्हणाला, "सांगायचं नव्हतं मला. तू विचारावंस असं होतं. विचारलं असतंस ना, तर उभा राहिलो असतो."

"आणि ते आकाशांचं प्रदर्शन?"

"निघायच्या आधीच नाही म्हणून कळवलंय." त्याने कोट उचलला. "आता विचारून बघतो, त्या बाईकडे जागा आहे का अजून."

दुपारच्या बसने दोघं गेले. वन्संनी गाडीची किल्ली तिकिटाच्या खिडकीत ठेवली होती, आणि पिशवीत चार भाजी-पाव. व्यवस्थापक भला माणूस. म्हणाले, प्रतीक्षागृह दहा नोव्हेंबरला उघडतंय, तोवर काय ते जुळवा.

१ नोव्हेंबर

दोन रस्ते आहेत. त्याच्या तीन फळ्या माझ्या उंचीला आणायच्या, की माझ्या तीन त्याच्या. कालचा दिवस रागात गेला. त्याच्या खरवडायच्या हे ठरवूनच झोपले होते. चूक त्याची आहे, नियम त्याने मोडला, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला जीभ असते.

सकाळी त्याच्या धक्क्याच्या फळीसमोर खरवडणी घेऊन उभी राहिले. आकाश इतकं चांगलं आहे की मला शिव्या आल्या. ढगांच्या पोटाला कठड्यावरच्या ओल्या दगडाचा रंग उतरलाय. कड्याच्या फळीवरचं पाणी मात्र भयंकर, पत्र्यासारखं. जिथे मला पाणी काढता आलं असतं तिथे त्याने पत्रा ठोकलाय, आणि माझ्या फळ्यांवर मी पोती टांगलीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

खरवडणी ठेवली. माझ्या तीन फळ्या उतरवून गाडीत घातल्या आणि स्वतः गाडी चालवत परत मासेमारीच्या गावाला गेले.

३ नोव्हेंबर

धक्क्यावर, त्याच जागेवर, उलट्या बादलीवर बसले. समुद्र गेला. कठड्यामागे आवाज येतो लाटांचा, दिसत काही नाही. नुसता ओला दगड, जाळी, आणि आकाश केवढं तरी. तो या जागी तीन दिवस बसला होता, आणि मी पलीकडे खोक्यावर उभी राहून शिशाचा पट्टा रंगवत होते.

माझ्या फळीवरचा तो पट्टा आज झाकला. तीन दिवसांतलं माझं सगळ्यात चांगलं पाणी होतं ते. कठडा त्याच्या रेषेत वर नेला. रडले, पण रडत रडत दगड बरे जमतात.

उद्या कड्याचं गवत, परवा होड्या.

८ नोव्हेंबर

सहा वाजता सुताराने शेवटची फळी बसवली. शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आता जुळलं." कठडा सलग जातो, होड्या सलग जातात. आकाशं माझी पोत्यासारखी ती पोत्यासारखीच राहिली, त्याच्या पत्र्याला मी हात लावला नाही. व्यवस्थापकांना फरक कळत नाही. मला कळतो, त्यालाही कळेल.

प्रतीक्षागृह रिकामं होतं. वन्संना फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, काहीतरी फोडणीला पडलेलं. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "देते त्याला."

मी म्हणाले, "लागल्या फळ्या."

"बरं."

"जुळल्या. माझ्या खाली आणल्या."

"हं."

एवढ्यावर तो ठेवून देईल असं वाटलं. मी घाईने म्हणाले, "गुडघा कसा आहे तुझा?"

"कोणता?" त्याने विचारलं.

टोमणा नव्हता. साधं विचारलं त्याने. मी डोळे मिटून त्याला पायऱ्या चढवून बघितलं, गाडीतून उतरवून बघितलं, स्टुलावर बसवून बघितलं. मला काही दिसेना. शेवटी अंदाजाने म्हणाले, "डावा."

पलीकडे वन्संच्या कढईचा आवाज बंद झाला.

"डावा चांगला आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.